गार वारा सुटला की सायकलवरून उतरा

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात, सोलापुरात किंवा जालन्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांना वळीव गाठतो तो बहुतेक वेळा घरी परततानाच. यात नशिबाचा भाग थोडाच आहे. सकाळपासून तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढत राहते. दुपारी तीननंतर ढगांची उंची झपाट्याने वाढू लागते आणि पाच ते सातच्या सुमारास त्यांतले काही बारा-पंधरा किलोमीटर उंच झालेले असतात. कामावरून सुटायची वेळही तीच. सकाळी आठ वाजता आकाश निरभ्र होतं, यावरून संध्याकाळबद्दल काहीच कळत नाही.

असा ढग येतो तेव्हा आधी वारा पडतो. घामाने अंग चिकट होतं, झाडाचं पानही हलत नाही. मग एकदम गार वारा सुटतो, त्यासोबत मातीचा वास येतो आणि उन्हाने हैराण झालेला माणूस सुखावतो. मला सांगायचं आहे ते या क्षणाबद्दलच. सायकल थांबवायची खरी वेळ ती असते, पहिला थेंब पडतो तेव्हाची नव्हे.

कारण तो वारा ढगातूनच आलेला असतो. उन्हाळ्यात देशावरची हवा कोरडी असते आणि ढगांचा तळही उंच असतो. ढगातून निघालेले थेंब त्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच आटू लागतात. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी आटलं तर सुमारे दोन घनमीटर हवा एका अंशाने गार होते. इथे तर टनावारी पाणी आटत असतं. गार झालेली हवा जड होते आणि वेगाने खाली कोसळते. फरशीवर बादली ओतल्यावर पाणी जसं चहूकडे धावतं, तशी ती जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते. पसरणाऱ्या या हवेची आघाडी पावसाच्या काही किलोमीटर पुढे असते. मातीचा वासही तीच घेऊन येते. तो वास मुख्यतः जिओस्मिन या संयुगाचा. मातीतले जिवाणू ते तयार करतात आणि आपल्या नाकाला त्याचा अत्यल्प अंशही कळतो. वास आला, म्हणजे जवळपास कुठेतरी पाऊस पडायला लागलेला आहे.

कोसळणाऱ्या हवेची ताकद विज्ञानाला उशिरा समजली, आणि त्याची कथा मोठी आहे. तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ १९४५ साली कोकुरा भागात राहत होते. ९ ऑगस्टचा अणुबॉम्ब आधी कोकुरावर पडायचा होता, पण तिथे खालचं काही दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. पुढे नागासाकीतल्या विध्वंसाची पाहणी करताना फुजितांना एका केंद्रापासून बाहेरच्या बाजूला उन्मळून पडलेली झाडं दिसली. जवळपास तीस वर्षांनी अमेरिकेत वादळानंतरच्या जंगलावरून उडताना त्यांना तशीच रचना पुन्हा दिसली. टोर्नेडोत, म्हणजे सोंडेसारख्या गरगरणाऱ्या वादळात, झाडं गोल फिरल्यासारखी पडतात. ही मात्र मधून बाहेर फेकल्यासारखी पडली होती. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कला उतरताना एक प्रवासी विमान गडगडाटी ढगाखाली कोसळलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्या अपघाताचा अभ्यास करून फुजितांनी या खाली कोसळणाऱ्या झोताला ‘डाउनबर्स्ट’ हे नाव दिलं. सुरुवातीला अनेक हवामानतज्ज्ञांना ते पटलं नाही. नंतर डॉप्लर रडारने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

विमानाला जे जमलं नाही ते सायकलस्वाराला कसं जमणार? वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत ताशी २० किलोमीटरने चाललेल्या माणसाला समोरून ४० चा वारा लागला, तर हवेचा सापेक्ष वेग ६० होतो आणि अडथळा नऊपट. तरी समोरचा वारा फक्त दमवतो; पाडतो तो बाजूचा. ताशी ५०-५५ किलोमीटरचा आडवा वारा सायकल आणि स्वारावर मिळून साधारण दहा-पंधरा किलो वजनाइतका रेटा देतो. तो सतत लागला तर आपण नकळत वाऱ्याकडे कलतो आणि तोल सांभाळतो. अडचण रेटा अचानक बदलतो तेव्हा येते. दोन इमारतींमधल्या फटीतून झोत येतो, पुढच्याच क्षणी शेजारून ट्रक जातो आणि वारा अडतो. कललेली सायकल मग थेट ट्रकच्या बाजूला झुकते. देशावर वळवाचे ढग बरेचदा पूर्वेकडून येतात, त्याआधी खालचा वारा पश्चिमेचा असतो. म्हणजे वारा नुसता वाढत नाही, उलटतो.

शिवाय वीज. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण हिशेबात वेळ घालवू नये. वीज पावसाच्या दहा किलोमीटर पुढेही पडू शकते, त्यामुळे गडगडाट ऐकू आला की आपण तिच्या टप्प्यात आहोत असंच धरावं. सायकलच्या टायरचं रबर वाचवतं, हा समज घातक आहे. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला बोटभर रबर काय अडवणार! सायकल धातूची आहे म्हणून ती वीज ओढून घेते, हेही खरं नाही. मोकळ्या रस्त्यावर आपण आजूबाजूच्या सगळ्यापेक्षा उंच असतो, धोका त्यात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. उन्हाळ्यात ते फोनमध्ये असावंच.

उतरल्यावर जायचं कुठे? पक्क्या इमारतीत: दुकान, बँक, सोसायटीचं पार्किंग, काहीही चालेल. झाडाखाली नको, कारण फांदी आणि वीज दोन्ही तिथेच येतात. पत्र्याच्या शेडखाली नको. होर्डिंगखाली तर मुळीच नको. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अशाच वादळात १२० फूट लांब-रुंद होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जणांचे जीव गेले. एकही इमारत जवळ नसेल तर एकट्या झाडापासून, खांबांपासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब, सखल जागी उकिडवं बसावं. आडवं पडू नये, कारण जमिनीतून पसरणारा विजेचा प्रवाह लांबलेल्या शरीराला जास्त इजा करतो.

एकेका ढगाचा जोर साधारण अर्धा-पाऊण तासात ओसरतो. शेवटच्या गडगडाटानंतर आणखी अर्धा तास थांबून निघावं. त्या वेळी रिमवर घासणारे ब्रेक ओले असल्याने नीट लागत नाहीत आणि महिनोन्महिन्यांची धूळ नि तेल भिजून रस्ता निसरडा झालेला असतो. साचलेल्या पाण्याखाली मॅनहोल उघडं असू शकतं, पडलेल्या फांदीत विजेची तार अडकलेली असू शकते. अशा ठिकाणी सायकल हातात धरून, पाणी टाळून दुसऱ्या बाजूने जावं.