प्रकाशसंश्लेषणातील ऊर्जारूपांतर

हिरव्या वनस्पती, शैवले व नीलहरित जीवाणू प्रकाशऊर्जा कर्बोदकांच्या रूपाने साठवितात, त्या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. वनस्पतींत ती पेशींमधील हरितलवक या हिरव्या घटकांत घडते.

या क्रियेत ऑक्सिजनाचा एक रेणू मुक्त होण्यास किती फोटॉन (प्रकाशकण) लागतात, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ख यांनी १९२० च्या दशकात हा आकडा सुमारे ४ मांडला. तो मान्य केल्यास शोषलेल्या तांबड्या प्रकाशातील सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा साठते, असे मानावे लागते. त्यांचेच शिष्य रॉबर्ट एमर्सन यांना मात्र निदान ८ फोटॉन लागत असल्याचे आढळले. वायुदाबमापनात, म्हणजे बंद भांड्यातील दाबाच्या बदलावरून ऑक्सिजन मोजण्याच्या पद्धतीत, श्वसनाची वजावट अचूक करणे अवघड असते. शिवाय प्रकाश पडताच शैवलांतून काही काळ कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो व ऑक्सिजनाचे माप फुगते, हा एमर्सन यांचा आक्षेप बिनतोड वाटतो. वारबुर्ख यांनी आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही.

पुढे ६८० नॅनोमीटरपलीकडच्या, एकट्याने दुबळ्या ठरणाऱ्या प्रकाशाला कमी तरंगलांबीच्या प्रकाशाची जोड दिल्यास दोहोंच्या बेरजेहून अधिक ऑक्सिजन मिळतो, असे एमर्सन यांनी १९५७ मध्ये दाखविले. रॉबर्ट हिल व फे बेंडॉल यांनी १९६० मध्ये एकापाठोपाठ काम करणाऱ्या दोन प्रकाशविक्रियांची कल्पना मांडली. पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन निघतात आणि प्रत्येकाला दोन्ही विक्रियांत मिळून दोनदा, दर वेळी एका फोटॉनाने, वरच्या ऊर्जापातळीवर उचलावे लागते. ८ या किमान आकड्याचा उलगडा असा होतो.

पाण्याचे विघटन चार मँगॅनीज व एक कॅल्शियम अणू असलेल्या केंद्रावर होते. अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले, तर पहिल्या झोतात ऑक्सिजन जवळजवळ निघत नाही, तिसऱ्यात सर्वाधिक निघतो व नंतर दर चौथ्या झोताला उसळी दिसते (पिएर झोलिओ, १९६९). केंद्र एकेक इलेक्ट्रॉन गमावत जाते व चौथ्या पायरीनंतर ऑक्सिजन सोडते, हे बेसेल कॉक यांचे १९७० चे स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. अंधारात बहुतेक केंद्रे एक पायरी आधीच चढलेली असतात, म्हणून पहिली उसळी तिसऱ्याच झोताला येते.

इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासातून एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉनवाहक रेणू मिळतो. त्याच वेळी थायलाकॉइड या हरितलवकातील पिशवीसारख्या रचनेच्या पटलाच्या आत प्रोटॉन साचतात व त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बनतो. आम्लात मुरवलेली थायलाकॉइडे अंधारातच अल्कधर्मी द्रावात घातली तरी एटीपी तयार होते, हे आंद्रे यागेनडॉर्फ यांनी १९६६ मध्ये दाखविले. एनएडीपीएच व एटीपी या दोहोंच्या बळावर केल्व्हिन चक्रात, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड सामावून घेणाऱ्या विक्रियांच्या साखळीत, शर्करा तयार होतात.

ऑक्सिजन सोडणाऱ्या प्रकाशसंश्लेषणाचा उगम सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन वाढला, त्याच्या आधीचा असावा. तो किती आधीचा, याविषयी मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातील २.७ अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांतील सेंद्रिय अवशेषांचा पुरावा नंतरच्या दूषणामुळे संशयास्पद ठरल्याने त्यावर भिस्त ठेवता येत नाही.