बारामासा : ‘या महिन्यात जाऊ नका’

राजस्थानी किंवा पहाडी (हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतल्या) लघुचित्रात काळ्या ढगांतून सोनेरी वीज सळसळताना दिसली, की ‘पावसाचं चित्र’ म्हणून आपण पुढे सरकतो. पण बहुतेकदा तिथे एक वाद चाललेला असतो. गच्चीवरची बाई नवऱ्याला पटवत असते, की हा महिना घराबाहेर पडायचा नव्हे.

अशा चित्रमालिका म्हणजे बारामासा. बारा महिन्यांच्या याच नावाच्या कवितेवर त्या काढलेल्या. ऋतूंची कविता जुनीच. कालिदासाचा ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सहा ऋतू फिरतो. बारामासा मात्र महिने मोजतो, कारण तो मुळात विरहिणीचा. व्यापारी आणि शिपाई पावसाआधी घरी परतायचे. जो परतला नाही त्याच्या बायकोने महिने मोजायचे. सूफी कवी जायसीच्या ‘पद्मावत’ काव्यातली (१५४०) राणी नागमती, नवरा दूर गेलेला असताना, आषाढापासून असेच मोजते.

बुंदेलखंडातल्या ओरछ्याचा दरबारी कवी केशवदास याने १६०१च्या ‘कविप्रिये’त हे उलटं केलं. खरं तर हा काव्यशास्त्राचा ग्रंथ. दरबारातली कलावंतीण प्रवीणराय हिला शिकवण्यासाठी लिहिलेला. त्यातल्या बारामाशात नवरा अजून गेलेलाच नाही. चैत्र ते फाल्गुन, दर महिन्याला ती त्याला थांबवायचं नवं कारण काढते. ज्येष्ठात वाटा ओस, तळी आटलेली. थंडीत तेल, कापूस, विडा, शेकोटी सोडून कोण जातं? आश्विनात मात्र तिची पंचाईत होते, कारण तेव्हा राजेच बाहेर पडतात. सीमोल्लंघन माहीत असलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

अठराव्या शतकात बुंदी, कोटा, जयपूर आणि पहाडी दरबारांतही केशवदासाच्या या कडव्यांची चित्रं झाली. भाद्रपदाचं एखादं पान जवळून पाहावं. वर कडव्याची पट्टी, खाली सज्जातलं जोडपं. तिचा हात उचललेला, बोलणं अर्ध्यावर. मागे काळोखाला चिरत जाणारी बगळ्यांची पांढरी ओळ. कडेला रानात वाघ-सिंह आणि झाडं मोडणारे हत्ती. सज्जाच्या इतक्या जवळ हत्ती कुठून आले, असं वाटतं. पण केशवदासाने भाद्रपदात ते लिहिलेत, म्हणून चित्रकारानेही काढले. ही पानं भिंतीवर टांगायची नव्हती. कापडात गुंडाळून ठेवलेली, हातात घेऊन पाहायची, म्हणून एवढं बारीक काम.

पुढे कितीतरी मालिका पानापानाने विकल्या गेल्या. आज एका संग्रहालयात नुसता कार्तिक असतो, दुसऱ्यात नुसता माघ.

मराठी माणसाने पाहताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. उत्तरेतला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. शुक्लपक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, पण कृष्णपक्ष तिकडे पुढच्या महिन्यात जातो. म्हणजे चित्रातला ‘सावन’ लागतो तेव्हा आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात अजून आषाढच असतो.