हॅम्पस्टेडची सकाळची फेरी: पार्श्वभूमी

दक्षिण इंग्लंडमधल्या काही गावांत सकाळी तपकिरी चीवरातला भिक्खू बाजाराच्या कडेला उभा दिसतो. लोक ओळखीचं हसतात, दोन शब्द बोलतात, कुणी पात्रात पाव किंवा केळी ठेवतं. ही ओळख एका वादग्रस्त ठरू शकणाऱ्या निर्णयातून झाली. पण आधी शब्दाचा गुंता सोडवायला हवा.

पात्र घेऊन निघणाऱ्या भिक्खूंच्या या सकाळच्या फेरीला पाली शब्द आहे ‘पिंडपात’. आपल्याकडे ‘पिंड’ म्हटलं की दहावा आणि कावळाच आठवतो. इथे अर्थ साधा आहे, पात्रात घास पडणं. ईशान्य थायलंडमध्ये तो अक्षरशः खरा ठरतो. तिथला रोजचा भात चिकट असतो. बायाबापड्या पहाटे बांबूच्या टोपलीतून चिमूटभर भात घेतात, बोटांनी वळतात आणि अनवाणी पायांनी पुढे सरकणाऱ्या भिक्खूंच्या पात्रांत एकेक गोळा सोडतात.

याला ‘भीक’ म्हणणं मला साफ चूक वाटतं. भिकारी मागतो, भिक्खू गप्प उभा राहतो. ‘माधुकरी’ हा शब्द जवळचा आहे. फुलाच्या रंगागंधाला धक्का न लावता भुंगा रस नेतो तसं मुनीनं गावात फिरावं, असं धम्मपदातही आहे. पण माधुकरी मागणारा दारात ‘ॐ भवति भिक्षां देहि’ अशी हाक तरी घालतो. भिक्खू तीही घालत नाही. पैशाला हात लावायचा नाही, मध्यान्हानंतर जेवायचं नाही, आजचं अन्न उद्यासाठी ठेवायचं नाही, हे विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे नियम. त्यामुळे गावाकडे पाठ फिरवून राहणं त्याला जमतच नाही.

१९७७ मध्ये थायलंडच्या अरण्य परंपरेतले एक ज्येष्ठ गुरू काही पाश्चात्त्य शिष्यांना घेऊन लंडनला आले. मुक्काम हॅम्पस्टेडच्या एका वाहत्या रस्त्यावरच्या विहारात. जेवण उपासक विहारातच आणून देत, म्हणजे पोटासाठी बाहेर पडायची गरज नव्हती. तरीही गुरूंनी सांगितलं, रोज सकाळी पात्र घेऊन निघायचंच. १८२४ च्या कायद्यानं तिथे रस्त्यावर भीक मागणं गुन्हा, आणि पात्र म्हणजे काय हे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गावीही नाही. हा नुसता देखावा होईल असं कुणी म्हटलं असतं तर ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. तरी मला गुरूंचंच म्हणणं पटतं. पात्र रिकामं परत आलं तरी भिक्खू लोकांना दिसायला हवा होता. जो दिसतच नाही, त्याच्याशी कोण बोलणार?

हॅम्पस्टेड हीथच्या माळावरून ते रोज चालत राहिले. १९७८ च्या वसंतात तिथे धावायला येणारा एक माणूस थांबला आणि बोलू लागला. वेस्ट ससेक्समधलं ‘हॅमर वूड’ हे जुनं जंगल त्यानं विकत घेतलं होतं, ते पुन्हा पूर्वीसारखं व्हावं अशी त्याची इच्छा होती. तो बौद्ध नव्हता. पुढे त्यानं ते जंगलच भिक्खूसंघाला देऊन टाकलं.

जंगलात कायमचं बांधकाम करता येत नव्हतं. म्हणून जवळच चिटहर्स्टमध्ये एक मोडकळीला आलेलं घर घेतलं गेलं. छत गळकं, आवारात टाकून दिलेल्या मोटारी. १९७९ च्या उन्हाळ्यात भिक्खू तिथे राहायला गेले आणि आसपासच्या गावांना पात्राची ओळख नव्यानं होऊ लागली. कुणी आजही खिशातून नाणं काढतं. भिक्खू हसून नको म्हणतो, मग का नको ते विचारलं जातं आणि फुटपाथवरच गप्पा सुरू होतात.