रसगंगाधरातील प्रतिभाविचार

कवीला काव्य सुचते ते कशामुळे, या प्रश्नाचे सतराव्या शतकातील सर्वांत काटेकोर उत्तर जगन्नाथ पंडित यांच्या ‘रसगंगाधर’ या काव्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात आढळते. आंध्रातील तेलुगू ब्राह्मण कुळातले जगन्नाथ शाहजहानच्या (कार. १६२८–५८) आश्रयाला होते आणि ‘पंडितराज’ ही पदवी त्यांना त्याच दरबारातून मिळाली. मराठी वाचकाला त्यांची ओळख बहुधा ‘गंगालहरी’मुळे, लवंगी या मुस्लिम युवतीवरील त्यांच्या प्रेमाच्या आख्यायिकेमुळे किंवा विद्याधर गोखले यांच्या संगीत नाटकामुळे झालेली असते, त्यांचे शास्त्रकर्तृत्व मात्र त्यामानाने झाकलेलेच राहिले आहे.

अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण होते, असे मत मांडले होते. जगन्नाथांनी ते नाकारले. काव्याचे कारण ‘कविगता केवला प्रतिभा’, आणि प्रतिभा म्हणजे काव्यरचनेला अनुकूल असे शब्द व अर्थ मनात उपस्थित होणे, एवढीच त्यांची व्याख्या आहे. प्रतिभेभोवतीचे गूढ तिने बरेच कमी होते. व्युत्पत्ती (मम्मटाची निपुणता, म्हणजे शास्त्रे, काव्ये व लोकव्यवहार यांची जाण) आणि अभ्यास यांना मात्र त्यांनी बाद केले नाही, तर एक पायरी मागे नेले : ती काव्याची नव्हेत, प्रतिभेची कारणे होत. देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादाने लाभणारे अदृष्ट (न दिसणारे पुण्य) कुठे प्रतिभा उत्पन्न करते, तर कुठे व्युत्पत्ती व अभ्यास ती उत्पन्न करतात. दोन्ही एकत्र असलीच पाहिजेत, असे नाही.

यासाठी दिलेले दाखले शास्त्रीय वादाच्या मानाने फारच जिवंत आहेत. लहान मुलाला व्युत्पत्ती नसते आणि अभ्यासही नसतो, तरी केवळ महापुरुषाच्या प्रसादाने त्याच्या ठिकाणी प्रतिभा प्रकटते. तेथे पूर्वजन्मीचा अभ्यास कल्पणे हे त्यांच्या मते विनाप्रमाण ‘गौरव’, म्हणजे कल्पनेचा अनावश्यक पसारा होय. उलट, काही काळ काव्य करूच न शकणाऱ्या माणसाला पुढे व्युत्पत्ती आणि अभ्यास साधल्यावर काव्य सुचू लागलेले दिसते, म्हणून सारा भार अदृष्टावरही टाकता येत नाही. मग भरपूर शिकून आणि घासूनही ज्याला काव्य येत नाही, त्याचे काय? त्याच्या व्युत्पत्ती-अभ्यासात हवा तो विशेष नसावा किंवा एखादे पाप आड येत असावे, असे जगन्नाथ म्हणतात. यांतला दुसरा पर्याय जरा सोयीचा वाटतो. अनेक प्रबंध रचलेल्या कवीचीही वाणी प्रतिवाद्याने मंत्रादिकांनी काही दिवस स्तंभित केली, तर तेवढ्या काळात त्याला काव्य स्फुरत नाही, हा त्यांचा दाखला दरबारी वादसभांच्या वातावरणाशी सुसंगत आहे.

काव्याचे लक्षण त्यांनी ‘रमणीयार्थप्रतिपादकः शब्दः काव्यम्’ असे केले. रमणीयता म्हणजे लोकोत्तर आनंद देणाऱ्या ज्ञानाचा विषय होणे. ‘तुला मुलगा झाला’ किंवा ‘तुला धन देईन’ या वाक्यांनीही आनंद होतो, परंतु तो लोकोत्तर नसल्यामुळे ही वाक्ये काव्य ठरत नाहीत. रसात्मक वाक्य तेच काव्य, हे ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाचे मतही त्यांना अडचणीचे वाटले. कारण तसे मानल्यास महाकवींनी केलेली पाण्याच्या प्रवाहाची, त्याच्या पडण्या-उसळण्याची, वानरांच्या आणि बालकांच्या लीलांची वर्णने काव्याबाहेर जातील.

या विचाराशी त्यांची लेखनपद्धती जुळणारी आहे. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणे बहुधा इतर कवींची घेतली जात. जगन्नाथांनी ती सर्व स्वतः रचली आणि कस्तुरी निर्माण करण्याची शक्ती असलेला मृग फुलांच्या गंधाची मनाने तरी सेवा करील काय, असे प्रारंभीच बजावले. हा अहंकार खराच, पण उदाहरणे पाहता तो पोकळ म्हणता येत नाही.

ग्रंथ ‘उत्तर’ नावाच्या अलंकाराच्या विवेचनात मध्येच तुटतो. त्यावर ‘गुरुमर्मप्रकाश’ ही टीका लिहिणारे नागेशभट्ट काळे हे काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यातले वैयाकरण होते. वैयाकरण भट्टोजी दीक्षितांवर, त्यांच्या ‘प्रौढमनोरमा’ या ग्रंथाच्या खंडनासाठी, जगन्नाथांनी ‘मनोरमाकुचमर्दन’ लिहून कडाडून हल्ला केला होता आणि नागेशभट्टांचे गुरू हरि दीक्षित हे त्याच भट्टोजींचे नातू. त्यामुळे ही टीका मूळ ग्रंथ उलगडून दाखवताना जागोजागी त्याच्याशी मतभेदही नोंदवते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमाला ग्रंथमालेत रसगंगाधर छापला, तो याच टीकेसह.