पाण्यातले फ्लोराइड : वाद कुठून आला?

१९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला दवाखाना थाटायला आला, तेव्हा तिथल्या कितीतरी माणसांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. घासून ते निघत नसत. १९०९ पासून नामांकित दंतसंशोधक जी. व्ही. ब्लॅक त्याच्या जोडीला आले. दोघांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. मोठेपणी गावात राहायला आलेल्यांना डाग पडत नाहीत, म्हणजे बिघाड दात घडत असतानाच होतो. आणि हे विद्रूप दात किडतात मात्र कमी. दात किडू नयेत म्हणून पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड हा क्षार घालावा की नाही, या आजच्या वादाच्या दोन्ही बाजू या दोन निरीक्षणांतच आहेत.

कारण सापडायला तीस वर्षे लागली. १९२३ मध्ये आयडाहोतल्या ओकलीत पालकांनी मॅकेला सांगितले, की गरम झऱ्याचे पाणी नळाने आल्यावर मुलांचे दात डागाळू लागले. पाण्याच्या तपासणीत काही सापडले नाही, तरी त्याने झरा बदलायला लावला. पुढच्या मुलांचे दात स्वच्छ आले. मग तसलेच डाग आर्कान्सातल्या बॉक्साइटमध्ये, अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या गावी, दिसले. अ‍ॅल्युमिनियमची भांडी विषारी असल्याचा संशय आधीच घेतला जात होता, त्यामुळे कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी १९३१ मध्ये पाण्याची वर्णपटाने तपासणी केली. लिटरमागे १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. आकड्यावर विश्वास न बसून त्यांनी नमुना पुन्हा मागवला.

पुढचे काम अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतले दंतवैद्य ट्रेंडली डीन यांचे. २१ शहरांतल्या १२ ते १४ वर्षांच्या ७,२५७ मुलांचे दात तपासून त्यांनी पाण्यातल्या फ्लोराइडशी आकडे ताडले. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास कीड बरीच घटलेली आणि डाग नाममात्र. त्याखाली कीड वाढत जाते, वर डाग. १९३७ मध्येच मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून, जास्त फ्लोराइडच्या पाण्याने हाडे आणि सांधे आखडल्याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. म्हणजे मात्रा ओलांडली तर प्रश्न दातांपुरता राहत नाही, हे तेव्हाही माहीत होते.

२५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात केली. शेजारचे मस्कीगन तुलनेसाठी कोरे ठेवले होते. प्रयोग पंधरा वर्षांचा ठरला होता, पण १९५१ मध्ये मस्कीगननेही फ्लोराइड सुरू केले आणि तुलनेचा आधारच गेला. त्याआधीच, १९५० मध्ये, अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने योजनेला मान्यता दिली होती. नंतर जाहीर झालेली किडीतली ६० टक्क्यांहून अधिक घट खरी धरली, तरी ही घाई विरोधकांच्या हाती आयते कोलीत देऊन गेली. पन्नासच्या दशकात ‘हा कम्युनिस्टांचा कट आहे’ असली हाकाटीही झाली, आणि तिच्या गोंगाटात रास्त आक्षेपही वेडगळ ठरवले गेले.

जलशुद्धीकरण केंद्रावर हे काम कसे चालते ते पाहिले की वाद जमिनीवर येतो. पाण्यात मुळात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि ०.७ वर न्यायचे असेल, तर दहा लाख लिटरला ५०० ग्रॅम फ्लोराइड लागते. म्हणजे ९८ टक्के शुद्ध सोडियम फ्लोराइड सुमारे १.१३ किलो, किंवा २३ टक्क्यांचे फ्लोरोसिलिसिक आम्ल सुमारे पावणेतीन किलो. हे आम्ल बहुधा फॉस्फेट खताच्या कारखान्यातले उपउत्पादन असते, म्हणून त्यातल्या आर्सेनिकची तपासणी लागते. सोडियम फ्लोराइडचे संपृक्त द्रावण करायचे तर पाणी मृदू हवे. जड पाण्यात कॅल्शियम फ्लोराइडचा थर बसून नळ्या तुंबतात. मुख्य पंप थांबला आणि मात्रा देणारा पंप चालूच राहिला, तर नळीत तीव्र द्रावणाचा गोळा साचतो. म्हणून दोन्ही पंप विजेने एकमेकांना बांधतात, एका दिवसापुरतेच द्रावण वजनकाट्यावरच्या छोट्या टाकीत ठेवतात, आणि रोज टाकीचे घटलेले वजन शुद्ध केलेल्या पाण्याशी ताडून पाहतात. अलास्कातल्या हूपर बे गावी १९९२ मध्ये पाण्यातले फ्लोराइड लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत चढले. अंदाजे २९६ जण आजारी पडले, एक जण दगावला.

युरोपात प्रश्न कायद्यावर अडला. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितले, की पाणीपुरवठ्याव्यतिरिक्त दुसऱ्या हेतूने पाण्यात काही घालायला कायद्याचा आधार नाही. स्वीडनने १९७१ मध्ये परवानगीचा कायदाच रद्द केला. आयर्लंडमध्ये मात्र साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने योजना उचलून धरली.

खरा बदल सत्तरच्या दशकात झाला, फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी पोहोचली तेव्हा. फ्लोराइड पोटात जाऊन दात घडवते, या जुन्या समजुतीपेक्षा ते लाळेत राहून दाताच्या पृष्ठभागावर काम करते, हे पुढे स्पष्ट झाले. मग गिळायचे कशाला, हा प्रश्न ओघानेच आला. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात १९७५ नंतरच्या अभ्यासांत दुधाच्या दातांतला फायदा मुलामागे सरासरी पाव दात कमी किडण्याएवढाच भरला. तरी सगळीकडे चित्र एकसारखे नाही. फिनलंडच्या कुओपिओने १९९२ मध्ये फ्लोराइड थांबवल्यावर कीड वाढली नाही. कॅनडाच्या कॅलगरीने २०११ मध्ये थांबवल्यावर दुधाच्या दातांची कीड वाढली.

अमेरिकेने २०१५ मध्ये शिफारशीची मात्रा लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमवर आणली. २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइडचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध मध्यम खात्रीने नोंदवला, ०.७ बद्दल पुरेसा पुरावा नाही, असेही त्यातच म्हटले आहे. हे दुसरे वाक्य बातम्यांत हमखास गळते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका संघीय न्यायाधीशांनी ०.७ चीही जोखीम अवाजवी ठरवली, कारण घातक मात्रा आणि नळातली मात्रा यांत सुरक्षिततेसाठी लागणारे अंतर त्यांना अपुरे वाटले. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडाने फ्लोराइड घालायला बंदी केली. त्याच वर्षी कॅलगरीने, २०२१ च्या जनमताप्रमाणे, ते पुन्हा सुरू केले.