बहुस्तरीय नायट्राइड लेप

पोलादी हत्यारे, साचे व यंत्रभाग यांच्या पृष्ठावर निरनिराळ्या धातूंच्या नायट्राइडांचे (नायट्रोजनाशी झालेल्या संयुगांचे) थर आळीपाळीने चढवून तयार केलेला कठीण लेप. एकूण जाडी बहुधा २ ते ५ मायक्रॉन. टायटॅनियम नायट्राइड व क्रोमियम नायट्राइड, तसेच क्रोमियम नायट्राइड व नायोबियम नायट्राइड या परिचित जोड्या होत.

लेपन निर्वात कोठीत, आर्क (विद्युत् प्रज्योतीने धातूची वाफ करणे) किंवा मॅग्नेट्रॉन स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवणे) पद्धतीने होते. नायट्रोजनाच्या विरल वातावरणात काम, म्हणजे लेप द्यायची वस्तू, दोन वेगळ्या धातूंच्या टार्गेटांसमोरून (लेपाचा धातू पुरवणाऱ्या तुकड्यांसमोरून) फिरते आणि प्रत्येक फेरीत एकेक जोडथर बसतो. थराची जाडी त्यामुळे फिरण्याच्या वेगावर व टार्गेटांना दिलेल्या विद्युत् शक्तीवर ठरते. तापमान सहसा ५०० से.पलीकडे जात नाही. हायस्पीड स्टीलचे (कर्तन हत्यारांच्या पोलादाचे) टेंपरिंग, म्हणजे कठीण केल्यावर पुन्हा तापवणे, सु. ५५० से.ला होत असल्याने लेपनात त्याचे पाणी (कठिनता) उतरत नाही.

संकल्पनेचा उगम सामान्यतः जे. एस. कोहलर यांच्या १९७० मधील मांडणीपर्यंत नेतात. ती नायट्राइडांविषयी नव्हती. स्थितिस्थापकतेत फरक असलेले पातळ थर एकाआड एक ठेवल्यास डिसलोकेशन, म्हणजे अणुरचनेतील सरकणारा रेषीय दोष, सीमेवर अडतो, असा तिचा आशय. १९८७ मध्ये टायटॅनियम व व्हॅनेडियम नायट्राइडांच्या सु. ५ नॅनोमीटर जाडीच्या जोडथरांत ५,५०० किग्रॅ./मिमी.² इतकी कठिनता नोंदली गेली, म्हणजे कोणत्याही एका घटकाच्या दुपटीहून अधिक. तिचे श्रेय काहींनी दोन थरांची स्फटिकजालके (अणूंच्या नियमित मांडण्या) न जुळल्याने येणाऱ्या ताणाला दिले. परंतु जालके जवळपास जुळणाऱ्या जोडीतही कठिनता वाढली आणि कर्तन-गुणांक (आडव्या सरकवणाऱ्या बलाला होणाऱ्या स्थितिस्थापक विरोधाचे माप) सारखे असलेल्या जोडीत ती फारशी वाढली नाही. त्यामुळे कोहलर यांच्या दिशेचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

१९८७ चा प्रयोग मॅग्नेशियम ऑक्साइडाच्या एकस्फटिकावरचा होता, हे विसरता कामा नये. पोलादावरील लेप बहुस्फटिकी असतो. आर्क पद्धतीत त्यात धातूचे थेंबही अडकतात. शिवाय खालचे पोलाद मऊ असल्यास ते दाबाखाली बसते आणि वरचा लेप, कितीही कठीण असला तरी, तडकतो. म्हणून आधी प्लाझ्मा नायट्रायडिंग (आयनित वायूतून पोलादाच्या पृष्ठात नायट्रोजन मुरवून ते कठीण करणे) करणे व तळाशी टायटॅनियम किंवा क्रोमियमचा पातळ बंधक थर देणे इष्ट. लेपाची पकड रॉकवेल-सी या कठिनता-मापक यंत्राने खाच पाडून तपासतात: खाचेभोवती बारीक चिरा चालतात, पोपडे निघालेले चालत नाहीत.

गंजरोधाचा लाभ मर्यादित आहे. थर बदलल्याने स्फटिकांची उभ्या स्तंभांसारखी वाढ खंडित होऊन आरपार छिद्रे कमी होतात. राहिलेल्या छिद्रांतून मात्र साधे पोलाद गंजतेच.