घनता पदार्थाची, दाब जागेचा

आठवी-नववीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: ‘खोल गेल्यावर पाण्याची घनता वाढते, म्हणून दाब वाढतो.’ मुलं लिहितात, घरी पालक तसंच समजावतात, क्लासच्या वह्यांतही तेच उतरवलेलं असतं. दाब वाढतो हे खरं असल्यामुळे अर्धा गुण देऊन पुढे जायचा मोह होतो. मी देत नाही. त्यातलं ‘म्हणून’ चुकीचं आहे, आणि ते तसंच राहिलं तर पुढचं प्लावक बल, आर्किमिडीजचं तत्त्व, वातावरणाचा दाब, सगळं नुसतं पाठांतर होऊन बसतं.

घनता तुम्हाला येते असं धरून चालते. वस्तुमान भागिले आकारमान. पाण्याची एका घनसेंटीमीटरला १ ग्रॅम, लोखंडाची ७.९च्या आसपास, पाऱ्याची १३.६. घनतेची आणि दाबाची एककं वेगळी आहेत, तीही पाठ असतील.

फक्त शब्दाबद्दल एक सांगते. घनता समजावताना ‘दाट’ किंवा ‘घट्ट’ म्हणू नका. मिसळीवरची तर्री बघा. तेल बोटाला पाण्यापेक्षा दाट लागतं, सावकाश ओघळतं, तरी रश्शाच्या वर राहतं, कारण खाद्यतेलाची घनता ०.९२च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा कमी आहे. दाटपणा म्हणजे वाहायला होणारा विरोध. त्याचा घनतेशी संबंध नाही. ‘घट्ट’ शब्द तर दुहेरी घोळ करतो, कारण घट्ट भरलेलंही आणि घट्ट दाबलेलंही. घनता आणि दाब एकमेकांत मिसळायला सुरुवात या शब्दापासूनच होते.

आता मूळ गफलत. दोन्ही सूत्रांत भागाकार आहे. एकीकडे वस्तुमान भागिले आकारमान, दुसरीकडे बल भागिले क्षेत्रफळ. मुलांना दोन्हींत ‘जड काहीतरी, थोड्या जागेत’ एवढंच दिसतं. पण घनता हा पदार्थाचा गुण आहे आणि दाब ही त्या जागेची परिस्थिती आहे. घनतेबद्दल ‘कशाची?’ असं विचारायचं, दाबाबद्दल ‘कुठे?’ असं. ‘पाण्याची घनता किती?’ या प्रश्नाला उत्तर आहे. ‘पाण्याचा दाब किती?’ हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या पाण्याचा, किती खोलीवर, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

मी वर्गात एक वीट आणि ओल्या वाळूची परात नेते. वीट १९ सेंटीमीटर लांब, ९ रुंद, ९ उंच, वजनकाट्यावर जवळपास ३ किलो. आधी आडवी ठेवायची, उचलायची, वाळूत उमटलेला ठसा बघायचा. मग तीच वीट शेजारी उभी ठेवायची. उभ्या विटेचा ठसा जास्त खोल जातो, मागच्या बाकावरूनही दिसतो. मग गणित. आडव्या विटेखाली १७१ चौरस सेंटीमीटर, दाब साधारण १७२० पास्कल. उभ्या विटेखाली ८१ चौरस सेंटीमीटर, दाब ३६३० पास्कल. दुपटीहून जास्त. घनता? दोन्ही वेळा तीच, एका घनसेंटीमीटरला १.९५ ग्रॅम. वीट कशीही ठेवा, माती तीच आहे.

इथवर सगळे माना डोलावतात. मग मी गवंडी करतो तसे करणीने विटेचे मधोमध दोन तुकडे करते आणि एक तुकडा उभा ठेवून विचारते, घनता किती झाली? निम्मा वर्ग ‘निम्मी’ म्हणतो. नाही. वस्तुमान निम्मं झालं, आकारमानही निम्मं झालं, घनता जागची हलली नाही. खालचा दाब मात्र निम्मा झाला, कारण तेवढ्याच ८१ चौरस सेंटीमीटरवर आता निम्मंच ओझं आहे. ही तोडलेली वीट मला टोकदार खिळा आणि बोथट खिळा यापेक्षा कितीतरी आवडते. खिळ्याच्या उदाहरणात घनता कुठे येतच नाही, त्यामुळे दोन्हींतला फरक दिसायची संधीच मिळत नाही.

आता विटेच्या जागी पाणी आणा. वखारीत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी असते. सगळ्यात खालच्या पोत्यावर वरच्या सगळ्यांचा भार. पण ते पोतं ओढून काढलं आणि काट्यावर टाकलं तर तेही ५० किलोच भरतं, वरच्यासारखंच. खाली असल्यामुळे त्यातली ज्वारी जड होत नाही, ती जास्त सोसते एवढंच. पाण्याचे थर तसेच आहेत. खोल गेल्यावर दाब वाढतो तो वर रचलेल्या पाण्याच्या भारामुळे. खालचं पाणी ‘घन’ झाल्यामुळे नाही.

पाणी दबतच नाही, असं मात्र सांगू नका. तेही खोटं आहे. दबतं, पण किती ते बघा. ८० मीटर खोलीवर पाण्यामुळे जवळजवळ ८ लाख पास्कल दाब येतो, वातावरणाच्या दाबाच्या पावणेआठ पट. तेवढ्या दाबाखाली एका घनमीटर जागेत १००० किलोऐवजी सुमारे साडेतीनशे ग्रॅम पाणी जास्त मावतं. दाब कित्येक पटींनी वाढला आणि घनता शेकडा अर्धा टक्कासुद्धा नाही, त्याच्या दहाव्या भागाहून कमी. एवढ्याशा फरकावर एवढा दाब तोलता येत नाही.

घरी करून बघायचं असेल तर बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडा. खालची धार सगळ्यात जोरात सुटते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. माझा आग्रह पुढच्या पायरीचा आहे. वरच्या धारेचं १०० मिलिलिटर पाणी एका भांड्यात घ्या, खालच्या धारेचं १०० मिलिलिटर दुसऱ्यात, आणि दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. वजन सारखं. धार वेगळी, पाणी तेच. ही पायरी टाळून प्रयोग दाखवला तर मुलं त्यातून नेमका उलटा निष्कर्ष काढतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

याला लागूनच आणखी एक चूक येते: साठा मोठा म्हणून दाब जास्त. कोयनेची भिंत पाया धरून सुमारे १०३ मीटर उंच आहे आणि मागे शिवसागर कित्येक किलोमीटर पसरलाय. त्या पसाऱ्याचा दाबाशी काही संबंध नाही. तेवढ्याच खोलीची अरुंद विहीर खणली तर तिच्या तळाशीही तोच दाब. धरणाची भिंत खाली रुंद करत नेतात ती खोलीमुळे.

आता प्रामाणिक शंका. सूत्रात तर घनता आहे: दाब = घनता × गुरुत्व त्वरण × खोली. आहेच. पण ती तिथे द्रव कोणता एवढंच सांगायला आहे. द्रव बदलला की घनता बदलते, त्याच द्रवात खाली उतरलात की खोली बदलते. म्हणून ७६ सेंटीमीटर पारा आणि १०.३ मीटर पाणी तळाशी सारखाच दाब देतात.

हा फरक कुणी पायाखाली घातला असेल तर तो पास्कलच्या मेहुण्याने. १९ सप्टेंबर १६४८ला फ्लोराँ पेरिए फ्रान्समधल्या पुय द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी, म्हणजे हवेचा दाब मोजायचं साधन, घेऊन चढला. दुसरी नळी खाली गावात ठेवली होती आणि तिच्यावर दिवसभर एकजण लक्ष ठेवून होता. वर पाऱ्याची उंची सुमारे ८ सेंटीमीटरने उतरली, खालची हलली नाही. पारा तोच, त्याची घनता तीच. बदलली ती जागा, आणि जागेबरोबर हवेचा दाब.

हवेत मात्र दोन्ही सोबत बदलतात, आणि गोंधळाला खरं खतपाणी तिथूनच मिळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, हवा विरळही असते आणि तिचा दाबही मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी. खालून नेलेली वेफर्सची पाकिटं घाटात टम्म फुगतात ती त्यामुळेच. पण इथेसुद्धा ‘म्हणून’ कुठे येतं ते तपासा. वरच्या हवेच्या भाराने खालचा दाब वाढतो, आणि हवा सहज दबते म्हणून तिची घनता वाढते. आधी दाब, मग घनता. मुलं लिहितात त्याच्या बरोबर उलट.

हवेतही दोघांची फारकत करता येते. त्यासाठी मी चाचणीत आता हाच प्रश्न घालते. सकाळी पंपावर टायरमध्ये ३२ हवा भरली. दुपारच्या उन्हात दोन तास गाडी पळवली आणि मोजली तर ३६ भरली. पंपावरचा माणूस म्हणतो, ‘हवा वाढलीय, थोडी काढतो.’ घनतेचं काय झालं? टायर बंद आहे, हवा तेवढीच, टायरचं आकारमान जवळजवळ तेवढंच, म्हणून घनताही तेवढीच. हवा तापली, तिचे रेणू जास्त वेगाने आपटायला लागले, म्हणून फक्त दाब वाढला. ती हवा काढू देऊ नका. काढू दिलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर मोजाल तेव्हा काटा ३२च्याही खाली असेल.